ओट्यावर निवलेला चहा

पत्र (थोडं काटछाट करून):

ताई,
आम्ही हडपसरला राहतो. नवरा शासनाची छोटी कामं घेतो. सातारा जिल्ह्यात, आमच्या गावाकडे, जलजीवन मिशनमधल्या दोन पाणीयोजना त्यांनी केल्या. टाक्या उभ्या राहिल्या, नळाला पाणी आलं, बिल मात्र चौदा महिने निघालेलं नाही. अडतीस लाख. पाइपवाला आणि सिमेंटवाला रोज फोन करतात. मंगळसूत्र सोडून माझं सोनं गहाण आहे. ऑफिसात विचारलं की एकच उत्तर, ‘निधी आला नाही.’ बिचारे गाडी काढून आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जाऊन येतात.

परवा टीव्हीवर लाडकी बहीणच्या हप्त्याची बातमी लागली आणि कामाच्या मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘आले बरं का माझे.’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘तुमच्या दीड हजारांपायी आमची बिलं अडकलीत, मावशी.’ त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवस आल्या नाहीत. आता येतात, पण चहा घेत नाहीत. कप ओट्यावरच राहतो, साय धरते.

सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्यांनी भलतंच विचारलं, ‘मत द्यायला गेला होतात का तुम्ही दोघं?’ नव्हतो गेलो. सुट्टी होती. पोहे खाऊन जाऊ म्हटलं, मग ऊन वाढलं, मग रांग असेल म्हटलं, मग डोळा लागला. सहा वाजून गेले. नवरा म्हणतो, ‘आपलं सरकार येणारच होतं, आलंच. एका मतानं काय फरक पडला असता? आता तर कुणालाच देणार नाही.’ सासूबाई त्र्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा बांधून गेल्या होत्या. माझं चुकलं का? आणि बिलाचं काय करू?

ता. क. – नाव छापू नका. पहिल्या जुलैत तो फॉर्म मीही भरला होता. मागच्या जूनपासून बंद झाले.

– हडपसरहून एक


प्रिय हडपसरकर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा खालून वर, म्हणजे ता. क. आधी. असं वाचलं की पत्र वेगळंच होतं. मावशींना बोललात त्या दिवसाच्या काही महिने आधीपर्यंत तेच दीड हजार तुमच्याही खात्यात येत होते. जुलै 2024 ते मे 2025 धरले तर अकरा हप्ते, साडेसोळा हजार. चारचाकी असल्याचं तुम्ही स्वतःहून लिहिलेलं नाही, पण नवरा गाडी काढून साताऱ्याला जातो हे लिहून गेलात. घरात ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर या योजनेत बसत नाही, आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं. ज्यांची बिलं अडतीस लाखांची असतात त्यांना ही अट फॉर्म भरतानाही ठाऊक असणार.

रागावत नाही. 2024 च्या त्या जुलैत सेतू केंद्रांवर आणि अंगणवाड्यांत जी झुंबड होती ती मीही पाहिली आहे. शेजारीण भरते म्हणून आपण भरला, असं शेकडो घरांत झालं. आधी वाटप आणि मग छाननी असा तो मामला होता. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीआधी पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार, जमा झाले. चारचाकी कुणाकडे आहे हे पाहायला अंगणवाडी सेविका दारोदार गेल्या त्या निकालानंतर, 2025 च्या सुरुवातीला. त्याच जूनपासून 26 लाखांहून जास्त खात्यांचे हप्ते थांबवले, त्यात तुमचं एक. सगळ्यात गमतीचं हे, की सरकारनं तुमच्या खात्यात साडेसात हजार टाकले आणि तुम्ही मतदानाला गेलाच नाहीत. विरोधक ‘पैसे देऊन मतं घेतली’ म्हणतात, त्यांना तुमचं उदाहरण मुळीच उपयोगाचं नाही.

मावशींचं आधी उरकते. माफी मागा, आणि तीत ‘पण’ हा शब्द आणू नका. ‘माझं चुकलं, पण आमची परिस्थितीच अशी आहे’ हे माफीसारखं ऐकू येत नाही. ता. क. मधली गोष्ट त्यांना सांगायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर सांगितली असती. त्यांना कदाचित माहीतही असेल. घरकामाच्या बायकांना कोणत्या घरात काय येतं ते आपल्याला वाटतं त्याहून जास्त कळतं.

आता तुमच्या रागाकडे येते, कारण तो अगदीच बिनबुडाचा नाही.

10 मार्च 2025 ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प मांडला. त्यातले आकडे इतके मोठे आहेत की डोळ्यांपुढून नुसते वाहून जातात. म्हणून एक कोटीचा एक रुपया करा, आणि राज्य म्हणजे तुमचं घर असं धरा. तुमच्या घराचं वर्षाचं उत्पन्न 5 लाख 61 हजार. रोजचा चालू खर्च, म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं, योजना हे सगळं धरून, 6 लाख 7 हजार. पोटापाण्याच्या खर्चालाच 46 हजार कमी पडतात. घर दुरुस्त करायचं, नवीन खोली बांधायची ते वेगळं. ते धरलं की वर्षभरात एकूण 1 लाख 36 हजारांची उसनवारी. डोक्यावरचं जुनं-नवं कर्ज वर्षाअखेर 9 लाख 32 हजार होणार, आणि त्याच्या व्याजापायी उत्पन्नातले 64 हजारांहून अधिक जाणार. लाडकी बहीणला या हिशेबात 36 हजार ठेवले होते. आदल्या वर्षी जाहीर केले होते 46 हजार.

घराची उपमा फार ताणू नये. राज्याला कर लावता येतो, राज्य रिटायर होत नाही, आणि महाराष्ट्राचं कर्ज त्या अर्थसंकल्पानुसार सकल राज्य उत्पन्नाच्या, म्हणजे फक्त सरकारच्या नव्हे तर राज्यातल्या सगळ्यांच्या मिळून उत्पन्नाच्या, एकोणीस टक्क्यांच्या आत होतं. पंजाबशी तुलना केली तर आपण सुखी. तिजोरी बुडाली वगैरे कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पण हातात मोकळा पैसा फारसा नाही, हे खरं. पगार, पेन्शन आणि व्याज यांतच महसुलातला अर्ध्याहून जास्त भाग संपतो. 2017 ला जीएसटी आल्यापासून राज्याच्या मर्जीनं वाढवता येतील असे कर म्हणजे पेट्रोल-डिझेलवरचा, दारूवरचा, मुद्रांकाचा, गाड्यांचा. म्हणून तर ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराच्या स्टॅम्पपेपरचे पाचशे झाले आणि पुढच्या जूनमध्ये विदेशी दारूवरचं शुल्क वाढलं. एक रुपयातला पीकविमा बंद झाला. 2025 च्या गणपतीत आनंदाचा शिधा आला नाही. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट, सरकारातलेच, आपल्या खात्याचा निधी लाडकी बहीणकडे वळवला म्हणून जाहीर बोलले.

आणि तुमचं बिल. ते का थांबलं हे समजून घ्यायचं असेल तर काय थांबवता येत नाही ते आधी बघा. पगार थांबवला तर कर्मचारी संपावर जातात. व्याज थांबवलं तर कर्ज मिळणं बंद होतं. सव्वादोन कोटी बायकांचा हप्ता थांबवला तर काय होईल ते प्रत्येक आमदाराला स्वप्नातही दिसतं. मग थांबवता काय येतं? ठेकेदाराचं बिल. त्याच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. शेजाऱ्याला त्याची कीव येत नाही, ‘खाल्ले असतील आधीच’ म्हणतात लोक. आणि तो स्वतः आवाज चढवत नाही, कारण पुढचं काम त्याच ऑफिसातून मिळायचं असतं.

तरी सगळा दोष मावशींच्या दीड हजारांवर टाकता येणार नाही. जलजीवनमध्ये गावोगावच्या नळयोजनांचा निम्मा पैसा केंद्राचा असतो. योजनेची मूळ मुदत 2024 ला संपली, केंद्राचा ओघ आटला, मुदत 2028 पर्यंत वाढवल्याचं फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सांगितलं, पण मधल्या काळात तुमच्यासारख्यांची बिलं लटकली. शिवाय निवडणुकीच्या आधीच्या त्या पावसाळ्यात नारळ किती फुटले ते आठवा. कामांना मंजुरी देताना तरतूद किती आहे हे कुणी फारसं बघत नव्हतं. जुलै 2024 च्या अधिवेशनात 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, त्यातले 25,000 कोटी लाडकी बहीणचे. अर्थसंकल्प मांडून पंधरवडाही झाला नव्हता. पुरवणी मागणी म्हणजे वाणसामानाची यादी करून दुकानात गेल्यावर आणखी निम्मी पिशवी भरणं. चर्चा किती झाली? तुम्ही ऐकलीत? मीही नाही ऐकली.

इथे सासूबाईंचा प्रश्न येतो. तुम्हाला तो भलता वाटला, मला पत्रातला सगळ्यात नेमका वाटला.

तुमचे यजमान म्हणतात एका मतानं काय झालं असतं. काहीच नाही, हे मी आधीच कबूल करते. महायुतीला 288 पैकी 230 च्या घरात जागा मिळाल्या. तुम्ही दोघांनी कुणालाही मत दिलं असतं तरी सरकार तेच आलं असतं आणि बिलही बहुधा असंच अडकलं असतं. दुसरी बाजू काही हिशेब घेऊन उभी नव्हती. महायुतीनं 2100 म्हटलं, महाविकास आघाडीनं 3000 आणि वर बसप्रवास फुकट. इकडे कर्जमाफी, तिकडेही कर्जमाफी. सव्वादोन कोटी बायकांना 2100 प्रमाणे वर्षाला 56,700 कोटी लागतात हे पाचवीतल्या मुलाला करता येईल असं गणित आहे, आणि ते एकाही सभेत कुणी उमेदवाराला विचारलेलं मी पाहिलं नाही.

का विचारलं नाही? कारण ज्यांना हे विचारण्यात रस असायला हवा, ते पोहे खाऊन झोपले होते. बोचलं तर बोचू द्या. तुमच्या हडपसरची यादी सहा लाखांहून मोठी. मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तीन लाख माणसं घरी, आणि निकाल लागला सात हजारांच्या फरकानं. त्या दिवशी कोल्हापूरच्या करवीरमध्ये ऐंशीच्या वर मतदान झालं, मुंबईत कुलाब्याला पंचेचाळीसही गाठता आले नाहीत. निवडणूक आयोगानं तर शहरातल्या लोकांनी शनिवार-रविवारला जोडून पळू नये म्हणून मुद्दाम बुधवार निवडला होता. लोकांनी बुधवारचाही रविवार केला.

आणि बायका? 2019 ला राज्यात बायकांचं मतदान साठ टक्क्यांच्याही खाली होतं, 2024 ला पासष्टच्या वर गेलं. आता तुम्ही आमदार आहात असं धरा. एका हाताला मावशी, त्या मत देतात. दुसऱ्या हाताला स्टॅम्पपेपरला पाचशे मोजणारं, गाडीचा कर भरणारं, बिल अडकलेलं जोडपं, ते देत नाही. पैसा एकाचाच निघू शकतो. तुम्ही कुणाचा काढाल? मावशींनी तुमचं काही घेतलं नाही हो. त्या रांगेत उभ्या राहिल्या, तुम्ही नाही राहिलात.

बूथवार आकडे सगळ्या पक्षांकडे असतात. तुमच्या सोसायटीत आठशे मतदार असतील आणि तीनशेच उतरले असतील, तर हे तुमच्या चेअरमनला माहीत नसेल, पण नगरसेवकाच्या पोऱ्याला पाठ असतं.

‘येणारच आहेत’ या भरवशाचा फटका फक्त मतदारांना बसतो असंही नाही. त्याच वर्षी लोकसभेला महाविकास आघाडीनं 48 पैकी 30 जागा जिंकल्या आणि पुढचे पाच महिने मुख्यमंत्री कोण होणार यावर घालवले. नोव्हेंबरात त्यांच्या तिन्ही मोठ्या पक्षांना मिळून 46. एका मताचं म्हणाल तर मुंबईत लोकसभेची एक जागा 48 मतांनी गेली. विधानसभेला मालेगाव मध्य 162 नं, साकोली 208 नं, बेलापूर 377 नं. बेलापूर, लक्षात घ्या, तुमच्यासारखंच सोसायट्यांचं शहर. यजमानांना हे आकडे सांगून फायदा होईलच असं नाही. चिडलेल्या माणसाला आकडे ऐकू येत नाहीत. पण ‘कुणालाच देणार नाही’ हे त्यांना करायचंच असेल तर त्यासाठीही यंत्रावर शेवटचं बटण आहे, आणि ते दाबायला घरातून निघावंच लागतं.

मी फार शहाणी आहे असं समजू नका. एकदा मी सकाळी सातला सगळ्यांच्या आधी केंद्रावर पोहोचले, ताठ मानेनं, आणि यादीत माझं नावच नव्हतं. घर बदलून चार वर्षं झाली होती. नाव जुन्या पत्त्यावर, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे जायचा त्या दिवशी कंटाळा केला. परत येताना ओळखीच्या बाईंनी विचारलं, ‘झालं?’ मी बोट मुठीत घेतलं आणि ‘हो’ म्हटलं. तेव्हा तुम्ही निदान सासूबाईंशी खोटं बोलला नाहीत.

करायचं काय ते सांगते. तुमचा पत्ता बदलला असेल तर अर्ज क्रमांक 8 भरा, मोबाइलवरूनही होतो. नवीन नाव असेल तर 6. निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबू नका.

साडेसोळा हजारांचं तुमचं तुम्ही ठरवा. काही बायकांनी आपणहून अर्ज देऊन लाभ सोडला, तुमचा तर आधीच बंद आहे. परत करायचे म्हणाल तर महिला व बालविकासच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. आत्ता सोनं गहाण असताना नाही जमणार, हे मलाही कळतं.

बिलासाठी ‘निधी आला नाही’ हे तोंडी उत्तर आता पुरे. ते कागदावर मागा. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर, आपल्या राज्यात तसा नियम आहे. विचारायचं एवढंच: गेल्या अठरा महिन्यांत या योजनेखाली कोणत्या तारखेला किती निधी मिळाला, आणि तो कोणत्या बिलांना, कोणत्या क्रमानं वाटला. अधिकाऱ्याला उत्तर द्यायला तीस दिवस. नाही दिलं तर पहिलं अपील. निधी खरंच आला नसेल तर ते कळेल. आला असेल आणि तुमच्या मागून आलेल्याचं बिल आधी निघालं असेल, तर तेही कळेल, आणि मग पुढचं बोलणं वेगळ्या आवाजात होतं.

तुमचे यजमान म्हणतील, ‘साहेब नाराज होतील.’ बरोबर आहे, होतील. म्हणून अर्ज त्यांच्या नावानं करूच नका. माहिती अधिकारात कुणीही विचारू शकतं. सासूबाई त्या गावच्या, त्या योजनेचं पाणी पिणाऱ्या, आणि त्या मतदारसंघाच्या मतदार आहेत. त्यांच्या नावानं करा. हेच उत्तर हातात आलं की त्यांनाच गावच्या आमदाराकडे पाठवा, अधिवेशनात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाका म्हणून सांगायला. गुडघ्याला पट्टा बांधून केंद्रावर गेलेली बाई दारात उभी राहिली तर आमदार खुर्ची देतो, तुमच्या यजमानांना बाहेर बसवतो. का, ते आता वेगळं सांगायला नको.

मसुदा तुम्ही लिहा. फोनवर वाचून दाखवा, त्या दोन चुका काढतील. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या की आधी ते एक वाक्य बोला. मग चहा टाका, पण त्यांचा एकटीचा नको. दोन कप. ओट्याशी उभ्यानंच प्यायला घ्या. त्यांनी नाहीच घेतला तर तुमचा तुम्ही प्या, आणि उद्या परत टाका.